दोन स्क्रीनचा लॅपटॉप घेताय? आधी कीबोर्ड कुठे जाणार ते ठरवा

मागच्या काही महिन्यांत निदान चार जणांनी मला हेच विचारलं, की तू तो दोन स्क्रीनवाला लॅपटॉप वापरतेस ना, मग मी पण घेऊ का, आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी भाषांतराचं काम करते. एका बाजूला इंग्रजी पीडीएफ, दुसऱ्या बाजूला मराठी फाईल, मध्येच शब्दकोश, वर क्लायंटचे मेल, आणि हे सगळं एका चौदा इंची स्क्रीनवर दिवसभर ऑल्ट-टॅब ऑल्ट-टॅब करत चालायचं. एकदा तर क्लायंटच्या चॅटमध्येच अर्धा परिच्छेद टाईप करून पाठवला होता. तर दुसरी स्क्रीन हवी हे मला पटायला वेळ लागला नाही, पण कुठली घ्यायची हे कळायला पैसे आणि दोन वर्षं गेली.

लोक विचारतात स्क्रीन कशी आहे, ओलेड (जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो ती) आहे का, रिफ्रेश रेट किती. अहो स्क्रीन चांगलीच असते. विचारायचं ते हे की दुसरी स्क्रीन आली तेव्हा कीबोर्ड कुठे गेला? लॅपटॉपच्या खालच्या अर्ध्या भागात कीबोर्ड राहायचा, तिथे आता स्क्रीन राहायला आली, म्हणजे घरी पाहुणे आले की कुणाला तरी हॉलमध्ये गादी टाकून झोपावं लागतं तसं कीबोर्डचं झालं. कंपन्या २००८ पासून याच एका गोष्टीशी झटापट करतायत, आणि यातले जे लॅपटॉप आपटले त्यातले बरेचसे इथेच आपटले. म्हणून खाली थोडा इतिहास पण येईल, तो टाईमपास म्हणून नाही, तेच तेच उपाय आजही दुकानात नवीन नावाने मिळतात म्हणून.

पहिलं काम, काहीही विकत घेऊ नका

एक आठवडा घरातलाच जुना मॉनिटर किंवा टीव्ही एचडीएमआयने लॅपटॉपला जोडा, विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड निवडा, आणि नेहमीचं काम करा. आठवड्याने बघा की दुसऱ्या स्क्रीनवर काय होतं. तिथे नुसतं व्हॉट्सॲप आणि गाणी असतील तर तुम्हाला दोन स्क्रीनचा लॅपटॉप नको आहे, फोन उभा करायचा स्टँड पुरेल. दोन डॉक्युमेंट शेजारी शेजारी लागत असतील, कोड आणि आऊटपुट, टॅली आणि बिलं, व्हिडिओ एडिटिंगची टाईमलाईन, तर पुढे वाचा.

आणि दुसरं म्हणजे हे काम तुम्ही कुठे बसून करता? घरातल्या एकाच टेबलावर करत असाल तर साधा चोवीस इंची मॉनिटर घ्या, स्वस्तात सुटाल. दोन स्क्रीनचा लॅपटॉप हा त्या माणसासाठी आहे जो सकाळी घरी, दुपारी ऑफिसमध्ये आणि शनिवारी गावी आईकडे काम करतो.

आता कीबोर्डकडे येऊ.

उपाय पहिला: कीबोर्डला हात लावायचाच नाही

लेनोवोने डिसेंबर २००८ मध्ये थिंकपॅड डब्ल्यू ७०० डीएस आणला, त्यात १७ इंची मुख्य स्क्रीन आणि तिच्या मागून ड्रॉवरसारखी उजवीकडे सरकून बाहेर येणारी १०.६ इंचाची उभी छोटी स्क्रीन होती. कीबोर्ड जागेवर, नंबर पॅडसकट, शिवाय फोटोग्राफर लोकांसाठी हाताखाली वॅकॉमचा पेन टॅबलेट पण घेता यायचा. वजन जवळपास पाच किलो. म्हणजे पाठीवर दळणाचा डबा घेऊन फिरल्यासारखं. पण टाईप करायला काही तक्रार नव्हती, हे लक्षात ठेवा.

असूसने २०१२ मध्ये ताईची नावाचा लॅपटॉप काढला, त्याच्या झाकणाच्या बाहेरच्या बाजूलाही स्क्रीन, झाकण लावलं की टॅबलेट. लेनोवोच्या २०२० च्या थिंकबुक प्लसमध्ये झाकणावर ई-इंकची स्क्रीन होती, किंडलसारखी. आयडिया छान, पण बाहेरची स्क्रीन समोर बसलेल्या माणसाला दिसते, तुम्हाला नाही. एका वेळी एका माणसाला दोन स्क्रीन दिसत नसतील तर माझ्यासारखीला काय उपयोग, इन्शुरन्स विकणाऱ्याला असेल.

मग २०२२ मध्ये थिंकबुक प्लसच्याच तिसऱ्या पिढीत १७.३ इंची लांबट मुख्य स्क्रीन आणि कीबोर्डच्या उजवीकडे ८ इंची उभी स्क्रीन आली. कीबोर्ड शाबूत, फक्त डावीकडे सरकला. दुकानात दिसला तर टाईप करून बघा, मान सारखी डावीकडे वळते का ते तपासा, बाकी मला ही रचना आवडली होती.

याच उपायाचं आजचं स्वस्त रूप म्हणजे पोर्टेबल मॉनिटर, आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांनी इथेच थांबावं. पंधरा इंची फुल एचडी मॉनिटर लाखभर रुपयांच्या लॅपटॉपपुढे किरकोळ पैशात मिळतो आणि लॅपटॉप बदलला तरी तो तसाच राहतो. फक्त घेण्याआधी तुमच्या लॅपटॉपचा टाईप-सी पोर्ट बघा. त्यातून चित्र बाहेर येतं की नुसता डेटा आणि चार्जिंग, हे पोर्टच्या आकारावरून अजिबात कळत नाही. पोर्टशेजारी विजेचं चिन्ह थंडरबोल्टचं असेल किंवा डिस्प्लेपोर्टचं डी-पी चिन्ह असेल तर काम झालं, मात्र चार्जिंगच्या चिन्हातही वीज असते, त्यामुळे शंका असेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साईटवर बघा. चित्र येत नसेल तर मॉनिटरला एचडीएमआय आणि पॉवरची वेगळी अशा दोन वायरी लागतील. केबलही बॉक्समधलीच वापरा. फोनच्या चार्जरची केबल लावून मॉनिटर खराब आहे म्हणून परत करायला निघालेला माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जास्त बोलत नाही.

मॅकबुक एअर वापरणाऱ्यांनी एवढं बघावं की एम-वन आणि एम-टू वाल्या एअरला बाहेरची एकच स्क्रीन जोडता येते, एम-थ्रीला दोन येतात पण दुसरी लावायची तर लॅपटॉपचं झाकण बंद ठेवावं लागतं, एम-फोरपासून झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. आयपॅड घरात असेल तर २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून साईडकार आहे, वायरशिवाय आयपॅडच दुसरी स्क्रीन होतो. विंडोजवाल्यांना सॅमसंगच्या वरच्या टॅबमध्ये सेकंड स्क्रीन म्हणून सोय मिळते, विंडोज आणि के दाबून जोडायचं. वायफाय दमलेलं असेल तर माऊस मागून येतो, ते सहन होणार असेल तर फुकटात काम होतं.

लॅपटॉपच्या झाकणाला दोन्ही बाजूंनी लटकवायच्या तीन स्क्रीनच्या फ्रेमा मिळतात, त्या घेताना खाली टेकायचा पाय आहे का ते बघा, नाहीतर सगळं वजन बिजागरीवर येतं आणि मग बिजागरी गेली की मुख्य स्क्रीनची वायर पण धोक्यात.

उपाय दुसरा: कीबोर्ड काचेवर काढायचा

हा दिसायला सगळ्यात भारी आणि वापरायला सगळ्यात वाईट. मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवणाऱ्या ओएलपीसी संस्थेने, ज्यांचे हिरवे-पांढरे लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेतही आले होते, २००८ मध्ये पुस्तकासारखा उघडणारा दोन टच स्क्रीनचा एक्सओ-२ दाखवला, तो कधी बनलाच नाही. मायक्रोसॉफ्टच्या कुरियर नावाच्या दोनपानी यंत्राची २००९ मध्ये खूप हवा झाली आणि २०१० मध्ये त्यांनी ते गुंडाळलं. खरोखर विकायला आला तो २०१० चा तोशिबा लिब्रेटो डब्ल्यू १००, सात सात इंचाच्या दोन टच स्क्रीन, वजन किलोच्या आत, आणि आत चक्क विंडोज ७. विंडोज ७ ची ती बारीक बारीक बटणं बोटाने दाबायची, आणि खालच्या सात इंचात काचेचा कीबोर्ड. बॅटरीही पटकन संपायची. त्याच्या मागोमाग एसरचा आयकोनिया आला, १४-१४ इंचाच्या दोन स्क्रीन, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, खालच्या काचेवर दोन्ही हात ठेवले की कीबोर्ड उगवायचा.

हे हात ठेवून कीबोर्ड उगवणं आजही तसंच आहे बरं का. लेनोवो योगा बुक ९आय मध्ये आठ बोटं टेकवायची, असूस झेनबुक ड्युओमध्ये सहा. दुकानदार हेच करून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं.

आता मराठी टाईप करणाऱ्यांसाठी खास सांगते. इनस्क्रिप्टवर, म्हणजे दर बटणाला मराठी अक्षर ठरलेल्या सरकारी कीबोर्डवर, टाईप करत असाल तर तुम्हाला माहितीये, एफ आणि जे वर बारीक उंचवटे असतात, एफवर ऱ्हस्व वेलांटी, जेवर र, त्या उंचवट्यावर तर्जनी ठेवली की बाकी सगळा कीबोर्ड न बघता सापडतो. काचेवर उंचवटाच नाही. बोट दोन मिलिमीटर सरकलं की क च्या जागी र येतो, डी वरचा हलंत हुकला तर जोडाक्षर फुटतं, आणि मराठीत दर दुसऱ्या शब्दाला जोडाक्षर. मी एक पान टाईप करून बघितलं, नंतर दुरुस्त करायला जास्त वेळ लागला. मराठी फोनेटिकने, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून, टाईप करणाऱ्यांचं थोडं बरं चालतं कारण तिथे इंग्रजी अक्षरं डोळ्यासमोर दिसतात, तरी खाली बघूनच टाईप करावं लागतं.

लेनोवोने २०१६ च्या योगा बुकमध्ये सपाट पाटीवर उजळणारा कीबोर्ड दिला, मग २०१८ च्या सी ९३० मध्ये त्या जागी ई-इंकची स्क्रीन बसवली, म्हणजे कीबोर्ड हवा तेव्हा कीबोर्ड आणि नको तेव्हा पुस्तक किंवा वही. दाबल्यावर थरथरायची पण. थरथरून उंचवटा येत नाही. सेकंड हँडमध्ये असं काही दिसलं तर वाचायला आणि नोट्स काढायला घ्या, टायपिंगच्या कामाला नको.

उपाय तिसरा: कीबोर्डला पुढे ढकलायचं, मागे अर्धी स्क्रीन

असूसने मे २०१९ मध्ये तैवानच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात झेनबुक प्रो ड्युओ दाखवला, वर १५.६ इंची ४के ओलेड आणि कीबोर्डच्या मागे १४ इंचाची आडवी पट्टीसारखी स्क्रीन. त्याचा धाकटा भाऊ यूएक्स ४८१, त्यात १२.६ इंचाची पट्टी, उंची जेमतेम चार-पाच बोटं. हे मॉडेल जुन्या बाजारात अजून दिसतात आणि लोक मला यांच्याबद्दलच जास्त विचारतात, म्हणून थोडं सविस्तर.

यात कीबोर्ड खरा आहे पण तो पार पुढच्या कडेला आलाय. मनगट टेकवायला जागाच नाही. काही मॉडेलबरोबर मनगटाखाली ठेवायची वेगळी पट्टी बॉक्समध्येच यायची, सेकंड हँड घेताना ती आहे का विचारा, बहुतेक वेळा हरवलेली असते. टचपॅड उजव्या कोपऱ्यात, उभा आणि अरुंद. डावखुऱ्यांनी विचारच सोडा किंवा माऊस धरा. मांडीवर ठेवून काम करणं जवळपास अशक्य, कारण पुढची कड पोटाला लागते आणि हात हवेत राहतात. टेबलावर मात्र मजा येते. पट्टी सपाट पडलेली असल्यामुळे मान खूप खाली घालावी लागायची, म्हणून पुढच्या मॉडेलमध्ये, यूएक्स ४८२ मध्ये, झाकण उघडलं की पट्टी सात अंशांनी वर उचलली जाते, आणि गेमिंगवाल्या झेफिरस ड्युओमध्ये २०२० पासून १३ अंशांनी. ते उचलणं थंडाव्यालाही उपयोगी पडतं, खालून हवा आत जाते. तर जुन्यात घ्यायचा असेल तर उचलणारी पट्टी बघूनच घ्या.

पट्टीवर काय ठेवायचं? रुंद आणि बुटक्या गोष्टी. व्हिडिओची टाईमलाईन, चॅट, कॅल्क्युलेटर, शब्दकोश, गाण्याचा प्लेअर. अख्खं पीडीएफ पान तिथे ठेवलंत तर सहा ओळी दिसतील आणि तुम्ही दिवसभर स्क्रोल करत बसाल. माझं पहिलं मशीन असंच होतं, आणि मी वर्षभर सहा सहा ओळींचंच भाषांतर केलं.

उपाय चौथा: कीबोर्ड वेगळाच काढायचा

हाच आज चालतोय आणि माझ्या मते हाच खरा. मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबर २०१९ ला सरफेस निओ दाखवला होता, नऊ नऊ इंचाच्या दोन स्क्रीन आणि चुंबकाने चिकटणारा सुटा कीबोर्ड, खालच्या स्क्रीनवर ठेवला की उरलेल्या पट्टीत टचपॅड किंवा इमोजी. सगळ्यांना आवडला. पण त्याच्यासाठी लिहिलेलं विंडोज १० एक्स पुढे गुंडाळलं गेलं आणि निओ कधी बाजारात आलाच नाही, त्याचा अँड्रॉइडवाला छोटा भाऊ सरफेस ड्युओ तेवढा २०२० मध्ये आला.

ती कल्पना साध्या विंडोजवर करून दाखवली लेनोवोने, जानेवारी २०२३ मध्ये योगा बुक ९आय, १३.३ इंचाच्या दोन ओलेड स्क्रीन, कीबोर्ड सोडून १.३४ किलो. मग जानेवारी २०२४ मध्ये असूसचा झेनबुक ड्युओ, १४-१४ इंच, कीबोर्डसकट १.६५ किलो, आणि तो भारतात एप्रिल २०२४ मध्ये १,५९,९९० रुपयांपासून सुरू झाला. थिंकपॅडच्या पाच किलोंपासून इथपर्यंत यायला पंधरा वर्षं लागली.

दोघांत फरक कीबोर्डच्या मुक्कामाचाच आहे. ड्युओचा कीबोर्ड बारीक पिनांनी खालच्या स्क्रीनवर बसतो, तिथेच चार्ज होतो, लॅपटॉप मिटला की दोन स्क्रीनच्या मध्ये झोपतो. पाठीमागे स्टँड मशीनलाच जोडलेला. योगा बुकचा कीबोर्ड वेगळा बाळगायचा, त्याच्याभोवती गुंडाळलेल्या घडीच्या कव्हरचाच स्टँड होतो. दिसायला सुरेख, पण निघताना घरी विसरायच्या वस्तूंमध्ये एकाची भर. पोर्टही बघा, ड्युओला साधा यूएसबी आणि एचडीएमआय दोन्ही आहेत, २०२३ च्या योगा बुकला नुसते तीन टाईप-सी, पेनड्राईव्ह घेऊन सायबरकॅफेत प्रिंट काढायला जाणाऱ्यांना डोंगल लागणार.

दुकानात जाल तेव्हा

फूटपट्टी घेऊन जा, हसू देत दुकानदाराला. १४ इंचाच्या दोन स्क्रीन एकावर एक उभ्या केल्या की उंची साधारण ४० सेंटीमीटर होते, आणि पुढे कीबोर्ड, मागे स्टँडचा पाय, एवढी खोली तुमच्या टेबलाला आहे का ते घरून मोजून निघा. चेअर कारच्या सीटमागच्या ट्रेवर हे मावत नाही, मी पुणे-मुंबई करताना प्रयत्न केलाय, शेजारच्या काकांच्या चहाजवळ कीबोर्ड गेला होता. तिथे कीबोर्ड खालच्या स्क्रीनवर बसवायचा आणि गुपचूप साधा लॅपटॉप म्हणून वापरायचा.

नोटपॅड उघडून पाच मिनिटं मराठीत टाईप करा, डेमो व्हिडिओ बघत बसू नका. इनस्क्रिप्ट आधीच टाकलेला नसतो, सेटिंगमध्ये भाषेत जाऊन मराठी ॲड करायला लावा. कीबोर्ड उचलून लांब धरा आणि परत ठेवा, खालची स्क्रीन लगेच चालू-बंद होते का, मध्ये अक्षरं गळतात का. स्क्रीन बोटाने दाबून बघा, मागचा स्टँड डुलतो का, कारण टच स्क्रीन दर वेळी मागे झुकणार असेल तर तुम्ही टच वापरणं सोडून द्याल.

सेकंड हँड असेल तर दोन्ही स्क्रीनवर एकसारखं राखाडी चित्र फुल स्क्रीन करा, ओलेडवर जुन्या टास्कबारची सावली उमटलेली असेल तर दिसेल. पेंट उघडून बोटाने सगळ्या स्क्रीनभर आडव्या-उभ्या रेघा मारा, जिथे रेघ तुटते तिथे टच मेलाय. झाकण दहा वेळा उघडबंद करताना खालची स्क्रीन लुकलुकली तर उठा आणि घरी या, दोन स्क्रीनमधली वायर बिजागरीतून जाते आणि हा खर्च लहान नसतो. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं टाका, जी फाईल बनते तिच्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी यांच्यात किती अंतर पडलंय ते वाचा. आणि कीबोर्ड मूळचाच आहे ना, कारण सुटा कीबोर्ड हरवला की त्या मॉडेलचा परत मिळवणं म्हणजे लग्नाच्या हॉलबाहेर हरवलेली चप्पल शोधणं.

घरी आणल्यावरची मांडणी

सेटिंग, सिस्टिम, डिस्प्ले. आयडेंटिफाय दाबा, १ आणि २ आकडे दिसतील, मग चित्रातल्या चौकटी ओढून २ ला बरोब्बर १ च्या खाली ठेवा. हे बाहेरचा मॉनिटर लावणारे लोक हमखास विसरतात, मॉनिटर ठेवलेला असतो डावीकडे आणि विंडोजला वाटतं उजवीकडे, मग माऊस भिंतीला डोकं आपटत बसतो. दोन्हीकडे स्केल, म्हणजे अक्षरं किती मोठी दिसायची ते, सारखा ठेवा, नाहीतर विंडो खाली नेली की अक्षरं फुगतात. विंडोज ११ मध्ये तिथेच मल्टिपल डिस्प्लेखाली मॉनिटर जोडला की विंडोच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. कीबोर्ड ठेवला-उचलला की खालची स्क्रीन जाते-येते, या पर्यायाने विंडो परत आपल्या जागी जातात. टास्कबार दोन्ही स्क्रीनवर हवा का एकाच, ते पर्सनलायझेशनमध्ये, मी वरच्या स्क्रीनवरच ठेवते.

शॉर्टकट एकच पाठ करा, विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण. चालू विंडो उडी मारून दुसऱ्या स्क्रीनवर जाते, स्क्रीन वरखाली असल्या तरी बाण डावा-उजवाच. विंडोज आणि झेड दाबलं की एका स्क्रीनचे तुकडे पाडायचे नकाशे येतात.

वर काय, खाली काय? ज्यात टाईप करताय ते वर, डोळ्यासमोर. ज्यातून बघताय ते खाली. मी सुरुवातीला उलटं केलं होतं, मूळ इंग्रजी वर आणि मराठी फाईल खाली, कारण कागद टेबलावर असतो तशी सवय, आणि पंधरा दिवसांत मान धरली. पुस्तकासारखं आडवं उघडून दोन उभ्या स्क्रीन केल्या तर लांब पानं वाचायला मस्त, प्रूफ तपासायला तर फारच, फक्त दोन्हींच्या मध्ये बिजागरी येते म्हणून एकच एक्सेल शीट दोन्हीवर पसरू नका, नेमका बेरजेचा कॉलम फटीत जातो.

दोन्ही स्क्रीन चालू असल्या की बॅटरी झपाट्याने उतरते हे गृहीत धरा. ओलेडवर काळा रंग म्हणजे तिथले दिवे बंदच, त्यामुळे डार्क थीम, काळा वॉलपेपर, आणि खालच्या स्क्रीनचा ब्राईटनेस थोडा कमी, एवढ्याने फरक पडतो. पॉवरबँक घेणार असाल तर टाईप-सी पीडीवाली (लॅपटॉप चार्ज करण्याइतकी ताकद देणारी) ६५ वॉटची घ्या, फोनची छोटी बँक याला पुरत नाही, आणि विमानाने जाणार असाल तर १०० वॉट-तासांच्या आतली.

विंडोज स्वतःहून फॉरमॅट करू नका हो. बोटं टेकवल्यावर कीबोर्ड येणं, विंडो दोन्ही स्क्रीनवर पसरणं हे सगळं कंपनीच्या ॲपवर चालतं, असूसमध्ये ते स्क्रीनएक्सपर्ट. गल्लीतल्या एका माणसाने माझं विंडोज चकाचक करून दिलं आणि खालची स्क्रीन मुकी झाली, कंपनीच्या साईटवरून एकेक ड्रायव्हर उतरवण्यात अख्खा रविवार गेला. करायचंच असेल तर ड्रायव्हर आधी पेनड्राईव्हवर उतरवून ठेवा. आणि अपडेट चालू असताना कीबोर्ड पिनांवर बसवलेला असू द्या, ब्लूटूथ हे विंडोज उठल्यावर उठतं, त्याआधी काही पासवर्ड मागितला तर सुटा कीबोर्ड ढिम्म हलत नाही. घरात दोनशे-तीनशे रुपयांचा वायरवाला कीबोर्ड पडलेला असेल तर तो टाकून देऊ नका.

शेवटचं, मिटण्याआधी कीबोर्ड उलटा करून झटका. तो दोन काचांच्या मध्ये दाबला जातो, आणि तिथे शेवेचा एक कण राहिला तरी दोन्ही स्क्रीनवर एकाच वेळी ओरखडा पडतो. दिवाळीत मी लॅपटॉपजवळ चिवडा घेऊन बसत नाही, शंकरपाळे चालतात.